रोलनुसार मेनू: पीएचपीच्या साइटवर कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय उघडावं

तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी पीएचपीत साइट बनवायला घेतली, तेव्हा मेनूचं काम मला अर्ध्या तासाचं वाटलं होतं. सभासदाला पुस्तक शोधायचं पान दिसावं, काउंटरवर बसणाऱ्याला देवघेव, ग्रंथपालांना दाखल नोंदवही, कोषाध्यक्षांना वर्गणीचा हिशेब. प्रत्येक पानाच्या वरच्या भागात ‘ग्रंथपाल असेल तर ही लिंक दाखव’ अशा अटी लिहिल्या आणि साइट सुरू केली.

तिसऱ्या आठवड्यात बारावीतला एक सभासद काउंटरवर आला. त्याने ग्रंथपालांच्या स्क्रीनवर ‘विलंब शुल्क माफी’ या पानाचा पत्ता पाहिला होता आणि घरी जाऊन स्वतःच्या लॉगिनमधून तो टाइप केला होता. त्याच्या मेनूत ती लिंक नव्हतीच. तरी पान उघडलं, आणि ‘माफ करा’ हे बटण दाबलं असतं तर तेही चाललं असतं. मुलगा प्रामाणिक होता म्हणून त्याने येऊन सांगितलं.

मेनूतून लिंक काढणं आणि पान बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मी त्यातलं एकच केलं होतं. ही चूक फार जणांच्या हातून होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत प्रवेशावरचं कच्चं नियंत्रण पहिल्या क्रमांकावर आहे. २०१७ च्या यादीत ते पाचवं होतं. त्यानंतर मी सगळं दोनदा नव्याने लिहिलं. शेवटच्या वेळी मेनू आणि पानावरची तपासणी एकाच यादीवरून चालतील अशी रचना केली. तीच पद्धत इथे देते आहे. ती साध्या पीएचपीसाठी आहे. तुम्ही लारावेल किंवा सिम्फनी यांसारखं पीएचपीचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) वापरत असाल तर यातलं बरंच तिथे तयार मिळतं (लारावेलमध्ये ‘गेट’ आणि ‘पॉलिसी’, सिम्फनीमध्ये ‘व्होटर’), पण आधी हातांनी एकदा केलं की त्या सोयी कशासाठी आहेत ते कळतं.

हाताशी काय हवं

- पीएचपी ८.१ किंवा पुढची आवृत्ती, आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी. घरच्या संगणकावर झॅम्प हे सगळं एकत्र देणारं पॅकेज पुरेसं आहे.
- फाईल यूटीएफ-८ मध्ये, पण सुरुवातीच्या बीओएम खुणेशिवाय साठवणारा एडिटर. ही खूण का नको ते तिसऱ्या पायरीत येईल.
- दोन वेगळे ब्राउझर. एकात ग्रंथपाल, दुसऱ्यात सभासद म्हणून लॉगिन करून शेजारी शेजारी पाहायला.
- संस्थेची कागदपत्रं: घटना किंवा नियमावली, सभासदत्वाचा कोरा अर्ज, पावती पुस्तकाचं एक पान, दाखल नोंदवहीचं एक पान. कोण सही करतं ते या कागदांवरच दिसतं, आणि सही करणाराच बहुतेक वेळा त्या कामाचा अधिकारी असतो.
- कार्यवाह आणि ग्रंथपाल यांचा एकत्र बसून दिलेला एक तास.

पीएचपीच्या फंक्शनांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन अक्षरांत, मधल्या खालच्या रेघेसकट लिहायची. व्हेरिएबलची नावं मात्र पीएचपीत देवनागरीतही चालतात, म्हणून याद्यांचे नमुने तसेच मराठीत लिहिले आहेत.

१. आधी कागद, मग कोड

एक पूर्ण दिवस काउंटरजवळ बसा. कागदावर तीन रकाने आखा: काम, ते कोण करतं, ते कोण फक्त पाहतं. माझ्या कागदावर २२ कामं निघाली. त्यातली पाच-सहा अशी होती, की मी स्वतःहून कधी लिहिलीच नसती. उदाहरणार्थ, हरवलेल्या पुस्तकाची किंमत अनामतीतून वळती करणं. ते ग्रंथपाल ठरवतात, पण पैशांची नोंद कोषाध्यक्षांकडे होते. म्हणजे एका कामाच्या दोन परवानग्या.

कामांना क्रियेवरून नावं द्या: पुस्तक शोधणं, देवघेव नोंदवणं, शुल्क माफ करणं, वर्गणीचा हिशेब पाहणं. या नावांना आपण परवानग्या म्हणू. रोल म्हणजे अशा परवानग्यांचा गठ्ठा. माणसाला रोल मिळतो, रोलला परवानग्या मिळतात. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये शोधनिबंधात मांडलेली ही कल्पना आजही बहुतेक सगळीकडे तशीच चालते, कारण ती संस्थेच्या कामाच्या वाटणीशी जुळते.

यातून एक नियम निघतो आणि तो मी कधीच मोडत नाही: कोडने ‘हा ग्रंथपाल आहे का?’ असं विचारायचं नाही, ‘याला शुल्क माफ करता येतं का?’ असं विचारायचं. वाचनालयाने संध्याकाळच्या पाळीसाठी सहायक ग्रंथपाल नेमले. त्यांना ग्रंथपालांची सगळी कामं, फक्त शुल्क माफी नाही. माझ्या जुन्या कोडमध्ये ‘ग्रंथपाल असेल तर’ अशा अटी सतराशे साठ ठिकाणी विखुरल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागला. नव्या पद्धतीत हाच बदल एका ओळीचा आहे.

छोट्या संस्थेत एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असतात हेही कागदावरच कळतं. ग्रंथपाल स्वतः सभासदही असतात, घरी पुस्तकं नेतात. त्यामुळे एका युजरला एकच रोल, ही रचना पहिल्या दिवसापासून टाळा.

२. तीन टेबलं

पहिलं टेबल युजरचं: क्रमांक, नाव, लॉगिनचं नाव, पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं त्याचं रूप), खातं चालू की बंद. दुसरं रोलचं: क्रमांक, सांकेतिक नाव, दाखवायचं नाव. तिसरं या दोघांना जोडणारं: युजरचा क्रमांक आणि रोलचा क्रमांक. तिसऱ्या टेबलात दोन्ही कॉलम मिळून प्रायमरी की करा, म्हणजे एकच रोल एकाला दोनदा दिला जाणार नाही.

रोलचं सांकेतिक नाव आणि दाखवायचं नाव वेगळं ठेवायचं कारण मराठीतच आहे. कोणी ‘ग्रंथपाल’ लिहितं, कोणी ‘ग्रन्थपाल’. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, पण पीएचपीला या दोन स्ट्रिंग पूर्ण वेगळ्या. ‘ऱ’ हे अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं, तसंच ‘र’ अधिक नुक्ता असं दोन चिन्हांनीही. दिसायला सारखं, तुलना केली की नापास. म्हणून सांकेतिक नाव रोमन लहान अक्षरांत, एकदाच लिहिलेलं आणि स्क्रीनवरून न बदलणारं ठेवा. दाखवायचं नाव संस्थेला हवं तसं बदलू द्या. माझ्या प्रत्यक्ष कोडमध्ये सांकेतिक नावं रोमनच आहेत.

डेटाबेसचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. पासवर्डच्या हॅशचा कॉलम २५५ अक्षरांचा ठेवा. आज बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा येतो, पण पुढे पद्धत बदलली तर कॉलम अपुरा पडू नये.

परवानग्यांचं टेबल मी मुद्दाम केलं नाही. कोणत्या रोलला काय करता येतं ही यादी मी पीएचपीच्या फाईलमध्येच ठेवते. नवी परवानगी येते ती नव्या पानाबरोबरच, म्हणजे कोड बदलतोच. आणि यादी फाईलमध्ये असली की गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात कधी काय बदललं ते दिसतं. परवानग्या बदलायचं पान बनवलं तर साइटवरचं सगळ्यात नाजूक पान तेच होतं. संस्थेला स्वतःच रोज परवानग्या बदलायच्या असतील तरच टेबल करा. अ वर्गाच्या मोठ्या वाचनालयालाही तशी गरज पडलेली मी पाहिलेली नाही.

३. लॉगिन आणि सेशन

हा भाग इतर ठिकाणी भरपूर सांगितलेला असतो, म्हणून मेनूशी संबंध येतो तेवढंच सांगते.

सेशन म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं तरी माणूस ओळखू यावा म्हणून सर्व्हरने ठेवलेली तात्पुरती नोंद. सेशन_स्टार्ट हे फंक्शन कोणतंही अक्षर ब्राउझरकडे जाण्याआधी चाललं पाहिजे. ‘हेडर्स आधीच पाठवले गेले’ अशा अर्थाची चूक दिसली तर तीन जागा पाहा: फाईलच्या पहिल्या ओळीआधीची रिकामी जागा, फाईलच्या शेवटी पीएचपी बंद करणाऱ्या खुणेनंतरची रिकामी ओळ, आणि बीओएम. ही बीओएम खूण तीन बाइटची असते, एडिटरमध्ये दिसत नाही आणि तासभर हैराण करते. निव्वळ पीएचपीच्या फाईलमध्ये शेवटची बंद करणारी खूण लिहूच नका. दुसरं कारण आपोआप संपतं.

पासवर्ड पासवर्ड_व्हेरिफायने तपासा. तो जुळला की लगेच सेशन_रीजनरेट_आयडी चालवा आणि त्याला ‘खरं’ (म्हणजे ट्रू) ही किंमत द्या, म्हणजे जुना सेशन पुसला जातो. हे केलं नाही तर लॉगिनआधीचा सेशनचा क्रमांक ज्याला माहीत आहे तो लॉगिननंतर आत येऊ शकतो. सेशनच्या कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट हे तिन्ही गुण द्या.

मराठीत पासवर्ड ठेवणारे सभासद भेटले तर एवढं लक्षात असू द्या: बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच पाहतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे २४ चिन्हांपुढचं काही मोजलंच जात नाही. ‘मराठी’ या शब्दाची लांबी एसटीआरलेन १५ सांगतं आणि एमबी_एसटीआरलेन ५ सांगतं, त्याचं कारणही हेच.

सेशनमध्ये फक्त युजरचा क्रमांक ठेवा. रोल ठेवू नका. रोल दर वेळी पान उघडताना डेटाबेसमधून एकदा आणा. एका छोट्या क्वेरीचा खर्च काहीच नाही, आणि तो का करायचा ते नवव्या पायरीत सांगते.

पीएचपीत सेशनचं ठरलेलं आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. पण त्यानंतर सफाई नेमकी कधी होईल ते संभाव्यतेवर चालतं, म्हणून ‘इतका वेळ काही केलं नाही की बाहेर’ हे काम त्यावर सोपवू नका. शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्ये स्वतः नोंदवा आणि प्रत्येक पानावर तपासा. काउंटरच्या सामायिक संगणकासाठी मी १५ मिनिटं ठेवली आहेत.

४. परवानग्यांची एकच यादी

परवानग्यांची एक वेगळी फाईल करा. तिच्यात फक्त ही यादी असेल:

$परवानग्या = [
  'सभासद' => ['पुस्तक_शोध', 'माझी_देवघेव', 'माझी_वर्गणी'],
  'काउंटर' => ['पुस्तक_शोध', 'देवघेव_नोंद', 'सभासद_पाहणे'],
  'सहायक' => ['पुस्तक_शोध', 'देवघेव_नोंद', 'सभासद_पाहणे', 'दाखल_नोंद'],
  'ग्रंथपाल' => ['पुस्तक_शोध', 'देवघेव_नोंद', 'सभासद_पाहणे', 'दाखल_नोंद', 'शुल्क_माफी'],
  'कोषाध्यक्ष' => ['वर्गणी_हिशेब', 'पावती_पाहणे'],
  'कार्यवाह' => ['वर्गणी_हिशेब', 'वार्षिक_अहवाल', 'रोल_देणे'],
];

आता एक फंक्शन लिहा. मी त्याचं नाव ‘परवानगी_आहे’ ठेवलं आहे. ते परवानगीचं नाव घेतं आणि खरं किंवा खोटं एवढंच सांगतं. आतला क्रम असा:

लॉगिन नसेल तर लगेच खोटं. खातं बंद केलेलं असेल तरी खोटं. नाहीतर युजरचे सगळे रोल घ्या, प्रत्येक रोलच्या परवानग्या एकत्र करा, आणि मागितलेली परवानगी त्यात आहे का ते इन_ॲरेने पाहा. इन_ॲरेला तिसरी किंमत ‘खरं’ द्यायला विसरू नका. ती दिली नाही तर तुलना ढिली होते. पीएचपी ८ च्या आधी ० हा आकडा आणि कोणताही साधा शब्द ढिल्या तुलनेत सारखे ठरत. पीएचपी ८ ने ते सुधारलं, पण जुन्या सर्व्हरवर साइट हलवायची वेळ आली तर हे भोक पुन्हा उघडतं.

परवानगीच्या नावात टायपो झाला तर काय होईल? फंक्शन खोटं सांगेल आणि लिंक मुकाट्याने गायब होईल. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरं, पण शोधायला कठीण. म्हणून मी फंक्शनच्या सुरुवातीला एक तपासणी टाकली आहे: मागितलेलं नाव कोणत्याच रोलच्या यादीत नसेल तर एक्सेप्शन फेका. पीएचपी ८.१ पासून इनम, म्हणजे ठरलेल्या नावांचीच बंद यादी, आले आहेत; परवानग्या इनममध्ये मांडल्या तर चुकीचं नाव पहिल्याच फेरीत पकडलं जातं.

‘सगळं करू शकतो’ असा ॲडमिन रोल करायचा मोह होतो. तो करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वाचनालयात कोणी कोणतं पुस्तक नेलं ही त्या वाचकाची खासगी गोष्ट आहे. साइट सांभाळणाऱ्या मला ती पाहायची गरज नाही, म्हणून माझ्या लॉगिनला ती परवानगीही नाही. कार्यवाहांच्या ओळीतही देवघेव नाही, ते पद मोठं असलं तरी. पद आणि परवानगी यांची उतरंड एकच असते असं धरून चालू नका.

५. पानांची यादी आणि मेनूची यादी

माझ्या पहिल्या प्रयत्नात अट मेनूत होती. दुसऱ्यात ती मेनूत आणि पानावर, दोन्हीकडे होती. पण महिन्याभरात त्या दोन अटी एकमेकींपासून फटकल्या. तिसऱ्या वेळी अट दोन्हीकडून काढली आणि मध्ये ठेवली. आधी पानांची यादी:

$पाने = [
  'शोध' => 'पुस्तक_शोध',
  'देवघेव' => 'देवघेव_नोंद',
  'दाखल' => 'दाखल_नोंद',
  'माफी' => 'शुल्क_माफी',
  'माफी_जतन' => 'शुल्क_माफी',
  'हिशेब' => 'वर्गणी_हिशेब',
];

मग मेनू. यात परवानगीचा उल्लेखच नाही:

$मेनू = [
  ['नाव' => 'पुस्तक शोधा', 'पान' => 'शोध'],
  ['नाव' => 'काउंटर', 'आत' => [
    ['नाव' => 'पुस्तक देणे-घेणे', 'पान' => 'देवघेव'],
    ['नाव' => 'विलंब शुल्क माफी', 'पान' => 'माफी'],
  ]],
  ['नाव' => 'दाखल नोंदवही', 'पान' => 'दाखल'],
  ['नाव' => 'वर्गणी हिशेब', 'पान' => 'हिशेब'],
];

मेनू छापताना लिंकची परवानगी $पाने मधून घ्यायची. पान उघडतानाही परवानगी $पाने मधूनच घ्यायची. त्यामुळे एक बदलली आणि दुसरी राहिली, असं होऊच शकत नाही.

‘माफी_जतन’ ही ओळ पाहिलीत का? ती मेनूत कधीच येणार नाही. माफीचा फॉर्म भरून बटण दाबलं की माहिती जिथे जाते ते पान ते. नवे लोक सगळ्यात जास्त इथे अडखळतात: फॉर्म दाखवणाऱ्या पानाला कुलूप लावतात, फॉर्म स्वीकारणाऱ्या पानाला विसरतात. मेनूत नसलेल्या पानांसाठी तर ही यादी जास्त गरजेची आहे. पीडीएफ पावती, एक्सेल उतरवणं, शोधाच्या चौकटीला पार्श्वभूमीत उत्तर देणारी फाईल, सगळी तिच्यात नोंदवा.

पत्त्यात देवनागरी ठेवू नका. ब्राउझर ते स्वीकारतो, पण दुसरीकडे चिकटवल्यावर प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ रोमन अक्षरं-आकडे होतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक तीन ओळींची दिसते.

६. मेनू छापणं

आधी गाळा, मग छापा. ही दोन कामं एकाच लूपमध्ये करायला गेलात तर रिकामी शीर्षकं राहतात.

गाळणारं फंक्शन मेनूची यादी घेतं आणि प्रत्येक नोंदीकडे पाहतं. नोंदीला ‘आत’ असेल तर आतल्या यादीवर स्वतःलाच पुन्हा बोलावतं. आत काहीच उरलं नाही तर ते शीर्षकही टाकून देतं. सभासदाला ‘काउंटर’ हा शब्द दिसला आणि त्याच्यावर बोट ठेवल्यावर खाली काहीच उघडलं नाही, तर साइट बिघडली आहे असंच त्याला वाटतं. ‘आत’ नसेल तर त्या पानाची परवानगी तपासून नोंद ठेवतं किंवा काढतं.

उरलेली यादी एचटीएमएलच्या नॅव्ह, यूएल, एलआय या टॅगमध्ये छापा. प्रत्येक नाव एचटीएमएलस्पेशलकॅर्समधून काढा. आज नावं तुम्हीच लिहिली आहेत म्हणून ते अनावश्यक वाटेल. उद्या मेनूत युजरचं नाव येतं आणि तेव्हा ही सवय उपयोगी पडते. आत्ता उघड्या असलेल्या पानाच्या लिंकला एरिया-करंट हा गुण ‘पेज’ या किमतीने द्या. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला आपण कुठे आहोत ते त्यानेच कळतं, आणि सीएसएसमध्ये रंग द्यायलाही तोच पुरतो. ही सगळी छपाई एका फाईलमध्ये ठेवून प्रत्येक पानात रिक्वायरने जोडा.

काही जण सगळा मेनू छापतात आणि नको त्या लिंका सीएसएसने किंवा जावास्क्रिप्टने लपवतात. त्या फक्त डोळ्यांपासून लपतात. पानाचा सोर्स पाहिला की सगळे पत्ते समोर. जे द्यायचं नाही ते सर्व्हरवरून निघूच नये.

रोल बदलला तरी मेनूतला क्रम बदलू नका. काउंटरवरच्या मुलीला सहायक ग्रंथपाल केलं तेव्हा तिच्या मेनूत एक ओळ वाढली, बाकी जिथल्या तिथे राहिलं. तिला काही नव्याने शिकावं लागलं नाही.

७. प्रत्येक पानाच्या दारात

साइटची सगळी वर्दळ एका प्रवेश फाईलमधून जाऊ द्या. पत्त्यातून पानाचं नाव घ्या आणि $पाने मध्ये शोधा. तिथे नसेल तर ४०४ (‘पान सापडलं नाही’) आणि काम संपलं. पत्त्यातून आलेलं नाव थेट फाईलच्या नावात घालून इन्क्लूड कधीही करू नका. त्याने सर्व्हरवरची दुसरीच फाईल उघडायला लावता येते. पानांच्या फाईली वेबवरून थेट उघडणार नाहीत अशा फोल्डरमध्ये ठेवा.

नाव यादीत सापडलं की दोन प्रश्न, याच क्रमाने:

लॉगिन आहे का? नसेल तर लॉगिनच्या पानाकडे पाठवा. कुठे जायचं होतं ते लक्षात ठेवायचं असेल तर पूर्ण पत्ता घेऊ नका, फक्त पानाचं नाव घ्या आणि परत पाठवताना ते $पाने मध्ये आहे याची खात्री करा. नाहीतर कोणी तुमच्या लॉगिनचा वापर करून वाचकाला भलत्याच साइटवर पोचवेल.

परवानगी आहे का? नसेल तर ४०३ (‘प्रवेश नाही’) हा कोड आणि साधा मराठी निरोप: ‘हे पान तुमच्या लॉगिनसाठी नाही. कामासाठी हवं असेल तर कार्यवाहांना सांगा.’ लॉगिन असलेल्या माणसाला इथे पुन्हा लॉगिनच्या पानाकडे पाठवू नका. ते पान त्याला आत पाठवतं, आतलं पान पुन्हा बाहेर, आणि ब्राउझर शेवटी हात टेकतो.

आता या पायरीतला सगळ्यात वाईट सापळा. हेडर फंक्शनने ‘लोकेशन’ पाठवलं म्हणजे पीएचपी थांबली असं नसतं. खालचा कोड चालतच राहतो. ब्राउझर पुढे निघून जातो म्हणून तुम्हाला काही दिसत नाही, पण सर्व्हरने पूर्ण पान बनवून पाठवलेलं असतं, आणि खाली डिलीटची क्वेरी असेल तर तीही चाललेली असते. प्रत्येक हेडर-लोकेशननंतरच्या ओळीवर एक्झिट लिहा. मी हे काम एका छोट्या फंक्शनमध्ये बांधलं आहे, म्हणजे एक्झिट विसरायची सोयच राहिली नाही.

माहिती बदलणाऱ्या प्रत्येक पानावर पोस्टच स्वीकारा आणि फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आला हे दाखवणारी गुप्त खूण) ठेवा. लॉगआउटही साध्या लिंकऐवजी पोस्टने करा.

८. पान उघडलं, पण नोंद कोणाची?

सभासदाला ‘माझी देवघेव’ हे पान उघडायची परवानगी आहे. पत्त्याच्या शेवटी क्रमांक=४१२ असं दिसतं. त्याने ४१३ केलं तर? रोलची तपासणी उत्तीर्ण होते, आणि शेजाऱ्याने वर्षभर काय वाचलं ते समोर येतं.

रोल फक्त पानापर्यंत पोचवतो. नोंदीपर्यंत पोचायला वेगळी तपासणी लागते. ‘माझी’ने सुरू होणाऱ्या पानांना पत्त्यातून क्रमांक देऊच नका, सेशनमधला युजरचा क्रमांक क्वेरीच्या वेअरमध्ये घाला. एखाद्या पावतीचा क्रमांक द्यावाच लागला तर वेअरमध्ये दोन्ही अटी हव्यात: पावतीचा क्रमांक आणि ती कोणाची. मूल्यं प्रिपेअर्ड स्टेटमेंटने, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळी द्या.

ग्रंथपालांच्या दोन टोप्यांचा प्रश्न इथेच सुटतो. त्यांना शुल्क माफीची परवानगी आहे आणि त्या सभासदही आहेत. म्हणून ‘माफी_जतन’ मध्ये एक जादा ओळ आहे: ज्याचं शुल्क माफ होतंय तो आणि माफ करणारा एकच असेल तर नाही म्हणा. ही ओळ घालायला ग्रंथपालांनीच सांगितलं. हिशेब तपासणीच्या वेळी कोणी बोट दाखवू नये म्हणून.

९. रोल काढला की त्याच क्षणी

सेशनमध्ये रोल ठेवू नका असं म्हटलं होतं त्याचं कारण हे. संध्याकाळच्या पाळीतल्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा शेवटचा दिवस होता. कार्यवाहांनी साइटवरून रोल काढला. जुन्या पद्धतीत त्याच्या फोनवरचा सेशन चालू असेपर्यंत मेनूही तसाच राहिला असता आणि पानंही उघडली असती. डेटाबेसमधून दर वेळी रोल आणले की पुढच्याच क्लिकला मेनू बदलतो.

मेनू कॅशमध्ये (एकदा बनवून पुन्हा वापरायच्या साठ्यात) साठवताना जपून. पानाच्या नावावर कॅश केला तर ग्रंथपालांसाठी बनलेला मेनू पुढच्या सभासदाला दिसतो. लॉगिननंतरच्या सगळ्या पानांना कॅश-कंट्रोल हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ द्या. नाहीतर काउंटरच्या संगणकावर लॉगआउट केल्यावर कोणी मागे जाण्याचं बटण दाबलं, की आधीच्या माणसाचं पान पुन्हा डोळ्यांसमोर.

आणि ‘रोल_देणे’ ही परवानगी असलेला शेवटचा माणूस स्वतःचा रोल काढू शकणार नाही, अशी अट घाला. नाहीतर नव्या कार्यकारिणीत पदं बदलताना कोणीतरी सगळ्यांनाच बाहेर कुलूपबंद करतं, आणि तुम्हाला रात्री डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो.

१०. सुरू करण्याआधी

एक तक्ता छापा. आडवे रोल, उभी $पाने मधली सगळी पानं, चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’. हे ‘हो-नाही’ कोडमधून काढू नका. पहिल्या पायरीतल्या कागदावरून हाताने भरा. त्यावर कार्यवाहांची सही घ्या. मग प्रत्येक रोलचं एक चाचणी खातं बनवा आणि प्रत्येक पत्ता हाताने टाइप करून पाहा, मेनूवरून जाऊन नाही. ‘नाही’ असलेल्या चौकटीत ४०३ आलाच पाहिजे. एकही रोल नसलेलं एक खातं आणि दोन रोल असलेलं एक खातं, हेही तपासा. पानं वाढली की हेच काम एका छोट्या पीएचपी फाईलकडून दोन लूपमध्ये करून घ्या. माझी ती फाईल ४० ओळींची आहे आणि दर बदलानंतर चालते.

चाचणी खाती काम झाल्यावर बंद करा. त्यांचे पासवर्ड सोपे असतात आणि ती मागे राहून जातात.

पुढे नवं पान जोडताना क्रम असा ठेवा: आधी $पाने मध्ये ओळ, मग तक्त्यात ओळ, मग पानाची फाईल, आणि मेनूतली लिंक सगळ्यात शेवटी.